पहिल्या दहा मीटरचा हिशेब

पाण्याचा दाब काय करू शकतो हे अलोऱ्यात कुणाला पटवून द्यावं लागत नाही. कोळकेवाडी धरणाचं पाणी तिथे शंभराहून अधिक मीटर खाली कोसळतं आणि कोयना वीजप्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यातली 80 मेगावॉटची चार यंत्रं फिरवतं. पण याच गावातून सुट्टीत मालवण-तारकर्लीला निघालेला माणूस स्कूबाचं बुकिंग करताना ‘वीस-पंचवीस फूट तर जायचंय’ एवढ्यावर निर्धास्त होतो. उथळ म्हणजे सोपं, हा समज भौतिकशास्त्राला धरून नाही. समुद्रात दहा मीटर उतरलं की दाब दुप्पट होतो आणि कानातल्या हवेचं आकारमान निम्म्यावर येतं. पुढच्या दहा मीटरांत ते निम्म्यावरून एक तृतीयांश होतं, म्हणजे बदल कमीच. कानाला सर्वांत मोठा हिसका बसतो तो नवख्याच्याच टप्प्यात. वर येतानाही तेच. पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा (तो ‘ऑक्सिजन सिलिंडर’ नव्हे, त्यात साधी दाबलेली हवाच असते) छातीत भरून घेतली, घाबरून श्वास रोखला आणि माणूस झपकन वर आला, तर जेमतेम दीड-दोन मीटरांतही फुप्फुसाला इजा होऊ शकते.

म्हणून माझं म्हणणं असं, की पहिल्या दिवशी स्नॉर्केलिंग करावं आणि स्कूबा दुसऱ्या दिवशी. तरंगत, नळीतून श्वास घेताना तोंडाने श्वास घ्यायची सवय होते, मास्कमध्ये पाणी शिरलं तरी जीव घाबरा होत नाही. मग कंबरभर पाण्यात नाक दाबून कानातला दाब मोकळा करणं आणि श्वास चालू ठेवणं घोटून घ्यावं. तारकर्लीतल्या एमटीडीसीच्या स्कूबा प्रशिक्षण संस्थेत सरावासाठी तलाव आहे, तो काही शोभेला बांधलेला नाही. बोटीत बसल्यावर दहा मिनिटांत हातांच्या खुणा शिकवून हे भागत नाही.

गाईड धरूनच ठेवतो, मग एवढं कशाला, असं कुणी विचारेल. गाईड हात धरील, सिलिंडरकडे बघेल. तुमचा कान मात्र तुम्हालाच मोकळा करावा लागतो, आणि सर्दी झालेली असताना तो होत नाही, हेही त्याला तुम्हीच सांगायचं असतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: एक दिवस वाढला तर पर्यटक फिरकणार नाहीत, आणि पावसाळा वगळून उरलेल्या महिन्यांवर जगणाऱ्या मालवणी घरांचं काय? पण वाढलेला दिवस म्हणजे वाढलेला मुक्काम, जेवण आणि शिकवणीची फी. ते पैसे मालवणातच राहतात. मे 2022 मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक दगावले, तेव्हा बोटी आणि लाइफ जॅकेट यांची चर्चा झाली, ती रास्तच होती. शिकवणीला किती वेळ देता, हा प्रश्न मात्र भाव करताना आजही कुणी विचारत नाही. फोटो आणि व्हिडिओ फुकट का, एवढंच विचारलं जातं.