बंदराला घाट हवा

कोकणच्या किनाऱ्यावर सध्या बांधकामाचे पर्व चालू आहे. 2021 मध्ये सिंधुदुर्गातील चिपी येथे विमाने उतरू लागली, 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी झाली, आणि 8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. एकट्या वाढवणचा खर्च सुमारे 76 हजार कोटी रुपयांचा. ही राष्ट्राच्या वाढत्या सामर्थ्याची चिन्हे आहेत, यात संशय नाही. मात्र या धक्क्यांवरून आणि धावपट्ट्यांवरून जी संपत्ती ये-जा करील, तिच्यात कोकणी माणसाचा वाटा किती, हे विचारण्याची वेळ आताच आहे.

चौल, दाभोळ, राजापूर ही बंदरे एकेकाळी भरभराटीला आली, ती केवळ खाडीच्या पाण्यावर नव्हे. कुंभार्ली, अणुस्कुरा अशा घाटांनी देशावरचा माल उतरत असे, म्हणून त्यांच्या पेठा गजबजलेल्या होत्या. 1863 मध्ये बोरघाटातून आगगाडी धावू लागली आणि देशावरच्या मालाने मुंबईची वाट धरली. खाड्या गाळाने भरत गेल्या. मालामागोमाग माणूसही गेला. कोकणच्या कित्येक पिढ्यांचे तारुण्य गिरणगावाच्या खोल्यांत सरले.

ती चूक आजही दुरुस्त झालेली नाही. कोल्हापूर–वैभववाडी रेल्वेमार्गाची घोषणा 2016 मध्ये झाली. रूळ मात्र अद्याप पडलेले नाहीत. मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला 2011 मध्ये आरंभ झाला. त्या वर्षी पहिलीत बसलेले मूल आज महाविद्यालयात आहे, आणि गणपतीला गावी निघालेला चाकरमानी अजूनही खड्डे मोजतो आहे!

चिपीची कथा याहून बोलकी आहे. अडीच किलोमीटरची धावपट्टी झाली, पण उडान योजनेखालील मुंबईची विमानसेवा 2024 मध्ये खंडित झाली. तोवर गोव्याच्या हद्दीत मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 पासून सुरू झाला होता आणि सावंतवाडीकडच्या प्रवाशाला तोच सोयीचा वाटू लागला. गोव्याचा हेवा करण्याचे कारण नाही. परंतु देवगडच्या बागायतदाराची हापूसची पेटी आजही मुख्यत्वे ट्रकनेच वाशीला जाते, तेथे आडत्याच्या हाती पडते आणि तेथे ठरेल तो भाव घेते. आंबा झाडावरून उतरला की त्याचे दिवस मोजलेले असतात. मासळीचे तर तासच. शीतगृह, बर्फ, प्रतवारी आणि तपासणीची सोय ज्या विमानतळाशेजारी नाही, तो बागायतदाराच्या दृष्टीने शोभेचा एस.टी. स्टँडच होय.

वाढवणचा प्रश्न अधिक नाजूक आहे. खोल नैसर्गिक पाण्यामुळे तेथे मोठी जहाजे लागू शकतील आणि आपला माल परदेशी बंदरांत जहाज बदलण्याच्या परावलंबनातून सुटेल. राष्ट्राला हे बंदर हवे आहे. पण तेथील कोळी समाजाला मासेमारीची जागा जाण्याची भीती वाटते. त्या पट्ट्यातील दागिन्यांचे साचे कोरणारे कारागीरही धास्तावले आहेत. या असंतोषाचे भांडवल करणारे राजकारणी आहेत, म्हणून कोळ्याची शंका खोटी ठरत नाही. नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली योग्य मोबदल्यासाठी लढा दिला. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा कोठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा मार्ग खुला झाला.

शिवछत्रपतींचे आरमार उभे राहिले ते याच कोळी-भंडारी समाजांच्या बळावर. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर आरमारासाठी लाकूड घेतानाही रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, जीर्ण झाड लागलेच तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा दंडक आहे. वाढवणच्या समुद्रात भराव पडण्यापूर्वी प्रत्येक नौकेची नोंद व्हावी, भरपाईचा आकडा ग्रामसभेपुढे लेखी यावा, आणि बंदरावरील कामांचे प्रशिक्षण डहाणू-पालघरच्या तरुणांना आतापासूनच, त्यांच्याच तालुक्यात मिळावे. क्रेनचालक बाहेरून आणून कोळ्याच्या पोराला फाटकावर पहारेकरी नेमायचे असेल, तर वाढवणच्या ग्रामस्थांनी या बंदराला आपले कशासाठी म्हणावे?