विश्लेषण : यादीतून बाहेर पडलेले फूल बागेत कसे टिकणार?

अमेरिकेत धोक्यातील प्रजातींच्या कायद्यावर पुन्हा वाद सुरू आहे. प्राण्यांच्या अधिवासाची नासधूस म्हणजे त्या प्राण्यांना ‘इजा’ मानायची की नाही, ही व्याख्याच रद्द करण्याचा प्रस्ताव तिथल्या सरकारने एप्रिल 2025 मध्ये मांडला. या गदारोळात एक गोष्ट मागे पडते. वनस्पतींना हे संरक्षण मुळात कधी नव्हतेच. त्याचे बोलके उदाहरण म्हणजे ‘टेनेसी कोनफ्लॉवर’.

हे फूल कोणते?

‘इकिनेशिया’ हे नाव आपल्याकडे होमिओपॅथीच्या औषधांमुळे अनेकांना ऐकून माहीत असते. कोनफ्लॉवर म्हणजे तेच कूळ. सूर्यफुलाच्या कुटुंबातली ही बहुवर्षायू झाडे. टेनेसीची प्रजाती जेमतेम दोन फूट वाढते, पाने अरुंद आणि केसाळ, गुलाबी-जांभळ्या पाकळ्या किंचित वर वळलेल्या, आणि फुले बहुतेक पूर्वेकडे तोंड करून असतात.

निसर्गात ती फक्त नॅशव्हिलच्या आसपास, डेव्हिडसन, रदरफोर्ड आणि विल्सन या तीन काउंटींत आढळते. तिथे चुनखडीच्या सपाट खडकावर मातीचा पातळ थर असतो. हिवाळ्यात चिखल, उन्हाळ्यात तापलेला तवा. मोठी झाडे तिथे तग धरत नाहीत, म्हणून या फुलाला ऊन मिळते. कासचा सडा पाहिलेल्यांना खडकावरच्या बोटभर मातीचे हे गणित वेगळे सांगायला नको.

यादीत कसे आले, बाहेर कसे पडले?

हे फूल नामशेष झाले असेच मानले जात होते. 1960च्या दशकाच्या अखेरीस व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ एल्सी क्वार्टरमन यांच्या अभ्यासातून ते पुन्हा सापडले. 1979 मध्ये ते धोक्यातील प्रजातींच्या यादीत गेले, त्या यादीत येणाऱ्या पहिल्या काही वनस्पतींपैकी एक म्हणून. 2011 मध्ये ते यादीतून वगळण्यात आले. नष्ट झाले म्हणून नव्हे, सावरले म्हणून.

मात्र श्रेय केवळ कायद्याला देणे बरोबर नाही. 1973च्या या कायद्यानुसार खासगी जमिनीवरचे दुर्मीळ झाड मालकाने उपटले, तर राज्याचा कायदा मोडला नसेल तोवर तो केंद्रीय गुन्हा ठरत नाही. म्हणजे नॅशव्हिलची उपनगरे पसरत असताना कागदावरचे संरक्षण फारसे कामाचे नव्हते. खरे काम झाले ते जमिनी मिळवून. काउचव्हिलसारखे माळ राज्याची संरक्षित नैसर्गिक क्षेत्रे झाले, बियांपासून नव्या वसाहती उभ्या केल्या गेल्या.

मग धोका कुठे?

गंमत अशी, की आता एक धोका चाहत्यांकडूनच आहे. देशी झाडे लावण्याची हौस अमेरिकेत वाढली आहे आणि कोनफ्लॉवर त्यात अग्रभागी. पण नर्सरीत सर्रास मिळणाऱ्या जांभळ्या कोनफ्लॉवरशी टेनेसीच्या प्रजातीचा सहज संकर होतो. ‘रॉकी टॉप’ नावाने विकली जाणारी रोपेही संकरितच. ती दिसायला छान असली, तरी मूळ माळाच्या जवळ लावली तर मधमाश्या त्यांचा पराग तिकडे नेऊ शकतात.

लावायचे कसे?

पहिला नियम : लाड करायचे नाहीत. दिवसभर ऊन आणि पाण्याचा उत्तम निचरा एवढे हवे. खतावलेल्या, ओलसर मातीत झाड लांबट होऊन आडवे पडते आणि हिवाळ्यात मुळे कुजतात. बी थंडीशिवाय नीट रुजत नाही. त्यामुळे ते शरद ऋतूत बाहेर पेरतात किंवा ओलसर वाळूत मिसळून सहा ते आठ आठवडे फ्रिजमध्ये ठेवतात. सोटमूळ खोल जात असल्याने रोप लहान असतानाच कायमच्या जागी लावणे चांगले, मोठे झाड हलवले की रुसते.

एकच रोप लावून बी मिळत नाही, कारण या फुलाला स्वतःचा पराग चालत नाही. बियांपासून वाढवलेली निदान चार-पाच रोपे एकत्र हवीत, आणि त्यांच्या आसपास दुसरा कोनफ्लॉवर नको. फुले सुकल्यावर बोंडे कापायची घाई करू नये, गोल्डफिंच पक्षी ती थंडीत टिपतात. रानातून झाड उपटून आणणे तर नाहीच. बी कोठून आले हे सांगू शकणाऱ्या नर्सरीकडूनच रोप घ्यावे.