तळाशी बसलेला रंग

प्लास्टिकचे सुटे भाग जोडून विमाने, जहाजे, रेल्वेचे डबे तयार करावेत आणि त्यांना हुबेहूब रंगवावे, हा छंद मुलांना एकाग्रता शिकवितो. त्यासाठीचे रंग इवल्याशा बाटल्यांत मिळतात. ‘तामिया’ची लहान बाटली १० मिलिलिटरची, तर ‘हंब्रोल’ची डबी १४ मिलिलिटरची असते. काही महिने कपाटात राहिलेली बाटली उघडली की वर पातळ द्रव आणि तळाशी घट्ट साका दिसतो. ‘रंग खराब झाला’ असे म्हणून ती टाकून दिली जाते. वस्तुतः तो बहुधा खराब झालेला नसतो. केवळ विलग झालेला असतो.

रंगातील कण द्रवाहून जड असल्याने हळूहळू खाली बसतात. पांढऱ्या रंगातील टायटॅनियम डायऑक्साइड पाण्याच्या सुमारे चौपट जड असते. चकाकी मारणारे कणही तळाशी जातात. म्हणून अर्धवट मिसळलेला मॅट रंग वाळल्यावर नको तिथे चमकतो.

यावर उपाय सोपा आहे. प्रथम काडीने तळाचा साका सैल करावा. मग बाटलीत स्टेनलेस स्टीलच्या एकदोन बारीक गोळ्या वा काचेचे मणी टाकून ती हलवावी. साध्या लोखंडाच्या गोळ्या पाण्याच्या रंगात गंजतात आणि रंग बिघडवितात. बाजारात बाटली हलविणारी यंत्रे मिळतात. प्रयोगशाळेत परीक्षानळीतील द्रव घुसळणारे यंत्रही हेच काम करते. काही हौशी सुताराच्या जिगसॉला बाटली बांधून घरीच यंत्र बनवितात. परंतु बाटली निसटण्याचा वा काच फुटण्याचा धोका असल्याने मुलांनी ते करू नये. थोड्या रंगांसाठी काडी, गोळ्या आणि मनगट पुरेसे आहेत. हलविल्यावर बुडबुडे विरेपर्यंत थांबावे आणि टाकाऊ प्लास्टिकवर एक फटकारा मारून रंग पारखावा. पूर्ण वाळून रबरासारखा झालेला ॲक्रिलिक रंग मात्र पाण्याने पुन्हा जिवंत होत नाही. म्हणून झाकण घट्ट लावणे हीच खरी राखण.

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरमण हे एक गुणव्रत आहे. प्रयोजनाविना घडणारी हिंसा आणि नासाडी टाळणे, हा त्याचा आशय. जलकायिक जीवांचा विचार करणाऱ्या घरात रंगाचे पाणी सहज मोरीत ओतले जाऊ नये. कुंचला आधी चिंधीने पुसावा, मगच थोड्या पाण्यात धुवावा. बाटली टाकण्यापूर्वी तिचा तळ पाहावा. मुलाच्या हाती नवी बाटली देणे सोपे असते. जुनी बाटली आणि एक काडी देऊन ‘आधी ढवळून पाहा’ असे सांगणे, हा यतनेचा पहिला पाठ होय.