घसा बसणं म्हणजे निष्ठा नव्हे!

आमच्या मुळशीला कुस्तीचं वेड. 2017 ची महाराष्ट्र केसरी भूगावातच रंगली. पण ‘घसा बसेपर्यंत ओरडला तोच खरा पाठीराखा’ हा समज मला साफ अमान्य आहे. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण 100 वेळा एकमेकांवर आदळतात. ओरडताना त्याहून जास्त आणि जोरात. मग सूज येते, वारंवार झालं तर गाठी होतात. खडीसाखर तिथे पोहोचतच नाही, ती अन्ननलिकेत जाते! घोषणेआधी पोटातून श्वास भरा, शब्द सुटे उच्चारा, आळीपाळीने ओरडा, पाणी प्या. आवाज बसल्यावर गप्प राहा. तीन आठवड्यांत सुटला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. तंबाखू खाणाऱ्यांनी तर नक्कीच.