वैद्यांच्या अनुभवाला खुली शोधपत्रिका हवी

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे महत्त्व विशद केले आहे. एकाच शास्त्राचे जाणकार परस्परांशी चर्चा करतात तेव्हा ज्ञान वाढते आणि संशय फिटतो, ही त्यामागील धारणा. आजच्या काळात ही संभाषा प्रामुख्याने शोधपत्रिकांतून चालते. परंतु त्या सभेत खासगी व्यवसाय करणारा वैद्य क्वचितच दिसतो. आमवात, श्वित्र, ग्रहणी यांसारख्या व्याधींवर आयुष्यभर चिकित्सा केलेल्या वैद्यांचे केसपेपर कपाटात राहतात आणि त्यांच्या पश्चात रद्दीत जातात. हे नुकसान त्या एका घराचे नसून संपूर्ण शास्त्राचे आहे.

यामागे आर्थिक कारणही आहे. अनेक नामांकित पत्रिका वाचण्यासाठी वर्गणी लागते. ज्या वाचकाला विनामूल्य आहेत, त्यांतील कित्येक लेखकाकडून मोठे शुल्क घेतात. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेत सुमारे १३,००० पत्रिका खुल्या झाल्या, परंतु प्रथम टप्प्यात त्या शासकीय संस्थांपुरत्याच. दुसरीकडे, पैसे भरताच कोणत्याही परीक्षणाविना लेख छापणाऱ्या पत्रिकांचे पीक आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या यादीतून ४,३०५ पत्रिका वगळल्या, यावरून या रोगाची व्याप्ती लक्षात यावी. अशा ठिकाणी छापलेला लेख आयुर्वेदाची बाजू बळकट करीत नाही. टीकाकारांच्या हाती आयते शस्त्र मात्र देतो.

यावर उपाय उपलब्ध आहे. संशोधन सर्वांना विनामूल्य वाचता यावे, ही भूमिका २००२ च्या बुडापेस्ट घोषणेने जगापुढे मांडली. पुढच्याच वर्षी स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने खुल्या पत्रिकांची जागतिक सूची सुरू केली. कॅनडात विकसित झालेली 'ओपन जर्नल सिस्टिम्स' ही संगणकप्रणाली कोणासही विनामूल्य वापरता येते. लेख स्वीकारणे, परीक्षकाकडे पाठविणे, अंक प्रसिद्ध करणे ही सारी कामे तिच्यात होतात. आयएसएसएन क्रमांकासही भारतात शुल्क पडत नाही. जगातील अनेक विद्यापीठ ग्रंथालये अशा पत्रिकांना सर्व्हर, तांत्रिक साहाय्य आणि जुन्या अंकांचे कायमस्वरूपी जतन पुरवितात. महाराष्ट्रातील बहुतेक आयुर्वेद महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. आपल्या संघटनेने तेथील ग्रंथालयाकडे रीतसर प्रस्ताव न्यावा, असे माझे मत आहे.

मात्र ग्रंथालय पत्रिकेला घर देईल. तिच्यात प्राण आपणच ओतला पाहिजे. संपादक आणि परीक्षक आपल्यातूनच उभे राहावे लागतील. रुग्णवृत्तात प्रकृती, दोष-दूष्य, अग्नी, औषधाची मात्रा, अनुपान, काल, पथ्य, आधुनिक तपासण्या आणि रुग्णाची लेखी संमती यांची नोंद अनिवार्य करावी. आधुनिक पत्रिकांच्या साच्यात आपले निदान बसत नाही, ही आपली जुनी तक्रार आहे. स्वतःची पत्रिका असेल तर साचाही आपल्याला ठरविता येईल. ज्या रुग्णांना गुण आला नाही, त्यांचीही वृत्ते तितक्याच आदराने छापावीत. केवळ यशोगाथा छापणारी पत्रिका आणि जाहिरात यांत फरक उरत नाही.

येथे औषधनिर्मात्या बंधूंना विनंती आहे. लेखकाकडून शुल्क घ्यायचे नसेल तर संपादन, मुद्रितशोधन व डीओआय क्रमांकांचा खर्च कोणीतरी उचलला पाहिजे. तो आपण संघटनेच्या सामायिक निधीतून उचलावा. लेखांच्या निवडीत मात्र देणगीदाराचा शब्द नसावा. ज्याच्या औषधावर लेख आहे त्या निर्मात्याने निधी दिला असल्यास तसे लेखातच नमूद व्हावे. वापरलेल्या औषधाचा बॅच क्रमांक आणि प्रमाणीकरणाची माहितीही द्यावी. उत्तम औषध बनविणाऱ्यास या पारदर्शकतेचे भय नाही. उलट त्याच्या औषधास यासारखा साक्षीदार मिळणार नाही.

प्रारंभी वर्षाला दोनच अंक निघाले तरी चालतील. प्रत्येक लेखासोबत मराठी सारांश असावा, म्हणजे तालुक्याच्या गावातील वैद्यालाही तो उपयोगी पडेल. येत्या वार्षिक सभेत या विषयावर ठराव व्हावा आणि प्रत्येक सदस्याने आपल्या कपाटातील एक तरी रुग्णवृत्त नीट लिहून आणावे, ही नम्र सूचना.