चांदोबातील वेताळ : एक अपेक्षाभंग

मद्रासच्या वडपळणी भागातून निघणारा ‘चांदोबा’ एप्रिल १९५२ पासून मराठीत येऊ लागला. त्यातील विक्रम-वेताळाच्या कथांवर मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्या पोसल्या गेल्या. या कथांचे स्मरण सर्वत्र जिव्हाळ्याने केले जाते. मात्र कथामालेच्या उत्तरकाळात कथेचा कस उतरत गेला, या गोष्टीकडे त्या जिव्हाळ्यापायीच काणाडोळा होतो.

सोमदेवाच्या अकराव्या शतकातील ‘कथासरित्सागरा’त या राजाचे नाव त्रिविक्रमसेन असे असून त्याची नगरी गोदातीरीचे प्रतिष्ठान, म्हणजे पैठण होय. पैठणचा राजा तेलुगू लेखकांच्या हातून नवा पेहराव चढवून मराठीत परतला, ही घटना तौलनिक अभ्यासकाला मोह घालणारी आहे. सोमदेवाकडे कथा पंचवीस. वेताळाचा प्रश्न बहुधा ‘कोण?’ असा असतो : मुलीचा खरा पती कोण, कोणाचा त्याग मोठा, पाप कोणाच्या माथी. राजाला तेथे न्याय करावा लागतो, आणि न्याय केला तरी शंका उरते. शिरांची अदलाबदल झालेल्या दोन पुरुषांच्या कथेत मस्तक ज्याचे तोच पती, असा निवाडा राजा देतो. परंतु त्या निवाड्याने समाधान झाले असते, तर टोमास मान यांना १९४० साली आणि गिरीश कार्नाड यांना १९७१ साली ‘हयवदन’ लिहिताना त्या कथेकडे पुन्हा वळण्याचे कारण पडले नसते.

पंचवीस कथा संपल्यावर ‘चांदोबा’ने त्याच चौकटीत नव्या कथा रचून घेतल्या. त्यांची संख्या पुढे शेकड्यांत गेली. कोडवटिगंटी कुटुंबराव १९५२ पासून १९८० साली निधन होईपर्यंत संपादनाची धुरा वाहत होते. त्या काळातील कित्येक कथांत लोककथेचा रांगडेपणा आणि अनपेक्षित वळण टिकून आहे. पुढे मात्र प्रश्नाची जातच बदलली. ‘कोण?’ची जागा ‘का?’ने घेतली. गुरूने गुणी शिष्याला विद्या का नाकारली, मंत्र्याने मिळालेले राज्य का सोडले, असे वेताळ विचारू लागला. वरवर पाहता हाही प्रश्नच; वस्तुतः त्याचे उत्तर कथेत आधीच पेरलेले असते आणि राजाचे काम ते उलगडून सांगण्याचे. न्यायाधीशाचा असा भाष्यकार झाला. मस्तकाची शंभर शकले होतील ही धमकी प्रत्येक अंकात छापली जात होती, पण तिचे भय कोणाला वाटावे?

याहूनही मोठी हानी शेवटाच्या बाबतीत झाली. मूळ कथाचक्रात अखेरच्या प्रश्नाला राजाला उत्तर सापडत नाही. तो मुकाट्याने चालत राहतो. त्या मौनावर प्रसन्न होऊन वेताळ त्याला कपटी भिक्षूपासून सावध करतो. वारंवार बोलून हरलेला राजा न बोलण्याने जिंकतो, हे या रचनेचे मर्म आहे. पिता-पुत्र आणि माता-कन्या यांच्या उलटसुलट विवाहांची ती अखेरची कथा मुलांच्या मासिकात जशीच्या तशी देणे कठीण, हे मान्य करावे लागेल. दर काही वर्षांनी वाचक नवा येतो, त्याला शेवटाशी काय कर्तव्य, असाही युक्तिवाद होईल. परंतु महिन्याला एक या हिशेबाने पंचवीस कथांना दोन वर्षे आणि एक महिना लागतो. एका मुलाच्या वाचनकाळात हे चक्र सहज पूर्ण झाले असते. त्याच मासिकात दासरी सुब्रह्मण्यम यांच्या अद्भुतरम्य धारावाहिक कथा, त्यांच्या नावाविना का होईना, क्रमशः येत आणि रीतसर संपत. राक्षस-मांत्रिकांच्या त्या कथा संपल्या म्हणून ‘चांदोबा’ ओस पडला नाही. वेताळालाच तेवढा शेवट नाकारला गेला.

१९९८ साली बंद पडलेले मासिक सुमारे वर्षभराने पुन्हा निघाले. त्यानंतर त्याचा कारभार काही वर्षे गिंडीच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या ईक्काट्टुतांगल येथून चाले. नव्या व्यवस्थेत वेताळकथेचा नव्याने विचार करण्याची संधी होती. ती घेतली गेली नाही. गिंडीकाळातील वेताळ पूर्वीपेक्षाही सौम्य, जवळजवळ शालेय परीक्षकासारखा वाटतो. २००७ मध्ये मालकी मुंबईच्या कंपनीकडे गेली आणि २०१३ च्या सुमारास अंक निघणे थांबले.

चित्रकार शंकर, अर्थात के. सी. शिवशंकरन, २०२० साली निवर्तले. खांद्यावर प्रेत, हाती उपसलेली तलवार, मागे वळून पाहणारा राजा हे त्यांचे चित्र सर्व भाषांतील आवृत्त्यांत एकच होते. त्या चित्रातील राजाचे ओठ मिटलेले आहेत.