पट्टा काढावा की ठेवावा?

कुत्रा घरात असताना त्याच्या गळ्यातला पट्टा काढावा की ठेवावा, यावरून जुन्या हुबळीतल्या माझ्या मामेभावाच्या घरी दोन तट पडले आहेत. बंगळुरूला नोकरी करणारा मुलगा म्हणतो, काढा. वहिनी म्हणतात, मुळीच नाही. मंडळी, मी वहिनींच्या बाजूचा.

मुलाचे म्हणणे खोटे नाही. पावसात भिजलेला पट्टा तसाच राहिला की खालची कातडी लाल होते, केस झडतात, गोचिडी नेमक्या तिथेच दडतात. खिडकीच्या गजात अडकला तर जिवावर बेतते. पिल्लू वाढते, पट्टा वाढत नाही. पणजीच्या फ्लॅटमध्ये, दार बंद असताना, मीही पट्टा खुंटीला टांगला असता.

पण जुनी हुबळी म्हणजे फ्लॅट नव्हे. तिथल्या जुन्या गल्ल्यांत दार सकाळी उघडते ते रात्रीच लागते. कुत्रा कट्ट्यावर, तिथून शेजाऱ्याच्या दारात, तिथून रस्त्यावर. त्याचे घर कुठे संपते हे वहिनींनाही सांगता यायचे नाही. आणि कुत्री पकडणारी गाडी आली तर हा कुणाचा तरी आहे हे सांगणारी एकच खूण, पट्टा. (सरकारी कचेरीतल्या शिपायाला जुनी माणसे पट्टेवाला म्हणत. पट्टा म्हणजे नुसती गुलामी नव्हे, ओळखही!)

पूर्वी चूक झाली तरी निस्तरत असे. २००१ च्या आणि नंतर २०२३ च्या नियमांप्रमाणे भटका कुत्रा पकडला की नसबंदी करून, लस टोचून त्याच जागी परत सोडायचा. पण ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शाळा, इस्पितळे, बसस्थानके, रेल्वे स्थानके यांच्या आवारातून उचललेले कुत्रे परत तिथे सोडायचे नाहीत, निवाऱ्यात ठेवायचे. मामेभावाच्या गल्लीच्या टोकाला शाळा आहे. मुलांच्या डब्यातली पोळी मिळते म्हणून कुत्रा दुपारी तिथे हमखास जातो!

तेव्हा पट्टा रुंद, कापडी घ्या, खाली दोन बोटे सहज जातील इतका सैल. त्यावर फोन नंबर लिहा. रात्री कडी लागली की काढा, मान पुसा, सकाळी दार उघडण्याआधी पुन्हा घाला. दिवाळीच्या रात्री मात्र घरातही काढू नका. फटाक्याला बिचकलेला कुत्रा कुठल्या फटीतून पळेल याचा नेम नसतो.